स्त्रियांना कर्ज, बियाणं, प्रशिक्षण दिलं की शेतीत समानता येईलच ना? मग रूढी बदलण्याचा खटाटोप कशासाठी?

येते, पण अर्धीमुर्धी. कर्ज तिच्या नावावर निघतं आणि पैसा कशात घालायचा हे दुसराच कुणी ठरवतो. प्रशिक्षणाला ती येते, पण तेवढ्या वेळात घरचं काम कुणी उरकलेलं नसतं. म्हणजे संधी देता देता आपण तिच्या दिवसात आणखी एक काम घातलं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार सारख्याच आकाराच्या शेतांतही स्त्री आणि पुरुष यांच्या उत्पादकतेत २४ टक्के तफावत आहे. मजुरीत पुरुषाच्या एका डॉलरमागे स्त्रीला ८२ सेंट. साधनं कमी मिळतात हे खरंच. पण ती कमी का मिळतात, इथे रूढी येते.

आणि रूढी म्हणजे माणसाचं स्वतःचं मत नव्हे, तो 'चारचौघं काय म्हणतील' याचा अंदाज असतो. तो अंदाज चुकलेलाही असू शकतो! २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला सौदी अरेबियातला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो (शेतीवरचा नाही, तरी). बायकांनी घराबाहेर नोकरी करावी हे बहुतेक तरुण विवाहित पुरुषांना मान्य होतं, पण इतरांना ते कितपत मान्य असेल याचा त्यांचा अंदाज बराच कमी होता. खरा आकडा कळल्यावर बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवायला जास्त जण तयार झाले.

म्हणून एकट्या बाईला 'तू बोल' सांगून भागत नाही. उलट घरात मार खायची वेळ तिच्यावर येऊ शकते. नवरा-बायकोला एकत्र बसवून दोघांच्या चोवीस तासांचं चित्र काढायला लावतात, ती पद्धत मला पटते. कागदावर दिसलं की वाद घालायला जागा कमी राहते. मग ज्याचा शब्द लोक मानतात अशा पुरुषाने, आपण घरात काय बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचं. 'पुरुष घरकाम करत नाहीत' अशी फलकबाजी मात्र टाळा. वाचणारा म्हणतो, चला, मी एकटा नाही.

बदल झाला का हे पाहताना सभेतल्या बायकांची डोकी मोजू नका. गेल्या हंगामाचा माल कधी, कुणाला विकायचा हे कोणी ठरवलं आणि अन्न कमी पडलं तेव्हा कोण कमी जेवलं, ते विचारा. नवऱ्याला आणि बायकोला, वेगवेगळं.