‘कुणी दिलं?’च्या आधी ‘कधी गिळलं?’

एप्रिलमधली गोष्ट. रात्री साडेनऊला पुण्यातल्या एका वडिलांचा फोन आला. "डॉक्टर, आमच्या चिंचिलानं इअरफोनचं रबर खाल्लंय. एरंडेल पाजू का? घरात आहे." मागे आई कुणावर तरी ओरडत होती, आणि एक मूल मुसमुसत होतं.

मी पशुवैद्यक आहे. गेली काही वर्षं पाळीव प्राणी असलेल्या घरांना फोनवरून समुपदेशन करते. ससा, गिनिपिग किंवा चिंचिला (दाट, मऊ केसांचा, कुरतडणारा छोटा प्राणी) पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो: यानं नको ते गिळलंय, आता काय करू?

एरंडेलाची बाटली आधी कपाटात ठेवायला लावली. कुत्र्यानं काही गिळलं तर डॉक्टर कधी कधी त्याला उलटी करवतात. चिंचिलाला उलटी करताच येत नाही. मिठाचं पाणी पाजा, तेल पाजा, गिळलेलं वर येत नाही. धरून पाजताना ते श्वासनलिकेत जायची भीती मात्र असते. पपई भरवा, असंही कुणीतरी सुचवतं. पपईनं रबर विरघळत नाही, गोडानं पोट तेवढं बिघडतं. तोंडात बोट घालून शोधणं तर नकोच. घाबरलेला चिंचिला केसांचा पुंजका तुमच्या हातात सोडून निसटतो.

"उरलेलं रबर कुठे आहे?" मी विचारलं. ते केराच्या डब्यात गेलं होतं. काढायला लावलं. दुसऱ्या कानाची टोपी शाबूत होती. ती पांढऱ्या कागदावर ठेवून तिच्याशेजारी सगळे तुकडे जुळवायला सांगितले. चिंचिलाचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे तो सतत कुरतडतो, आणि कुरतडलेलं बरंचसं खाली सांडतो. घरच्यांना वाटतं सगळं पोटात गेलं. इथे करंगळीच्या नखाएवढा तुकडा कमी भरला.

"कधी झालं हे?"

"आत्ताच. जेवायला बसताना दिसलं."

मागचं रडणं एकदम वाढलं. ते ऐकून मी वडिलांना म्हटलं, "फोन मुलीकडे द्या, आणि तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा."

मुलगी दहा वर्षांची. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "काकू, काल रात्री झालं. मी त्याला बाहेर खेळायला सोडलं होतं. बाबा म्हणालेत, एकदा जरी निष्काळजीपणा दिसला तर चिंचूला परत देऊन टाकू."

म्हणजे चोवीस तास उलटले होते, आणि त्या घरात हे एकाच माणसाला ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. आता काय करायचं ते मला कळलं. तो गवत खातोय का?" सकाळपासून शिवला नव्हता. "आणि लेंड्या?" ट्रे तीच साफ करायची. "रोज सुपलीभर निघतात. आज मूठभरसुद्धा नव्हत्या. आणि अगदी बारीक आहेत, टोकदार."

आई-वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. निदानाला लागणारं सगळं त्या पोरीकडे होतं.

चिंचिलाचं पोट सतत चालतं राहावं लागतं. धडधाकट प्राणी दिवसाला 200च्या वर लेंड्या टाकतो. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. 12 तास काहीच खाल्लं नाही, तर ते तातडीचंच समजायचं. हाच तुकडा पाच मिनिटांपूर्वी गिळलेला असता आणि चिंचू मजेत गवत खात असता, तर मी डॉक्टरांना फोन करून कळवायला सांगितलं असतं आणि घरीच लक्ष ठेवायला लावलं असतं: ट्रेमध्ये पांढरा कागद, लेंड्यांची मोजदाद, स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन, समोर गवत आणि पाणी. पण बटण सेल, धातू, विजेची वायर, लांब धागा किंवा फ्लीसचं (पांघरुणाचं लोकरीसारखं मऊ) कापड पोटात गेलं असेल, लाळ गळत असेल, ओकारी आल्यासारखं करत असेल, पोट टणक लागत असेल, पोक काढून बसला असेल, तर वाट बघायची नाही. श्वास अडकत असेल तर चप्पल घालायलाही थांबू नये.

त्या रात्री त्यांना लगेच निघायला सांगितलं, लहान प्राण्यांचा सराव असलेल्या डॉक्टरांकडे. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या थंड उंचीवरचा प्राणी. पंचवीस अंशांच्या पुढचं तापमान त्याला सोसत नाही, आणि पुण्यातला एप्रिल म्हणजे रात्रीही उकाडाच. गाडीत एसी, पिंजऱ्याला टेकून टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली, आणि डबीत रबराचे तुकडे. एक्स-रे होईपर्यंत सिरिंजनं काहीही भरवायचं नाही. वाट बंद असेल तर वरून भरलेलं जीवावर बेततं. घरात कुत्र्याचं उरलेलं अँटिबायोटिक होतं, तेही नको म्हटलं. अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिन गटातलं औषध तोंडावाटे दिलं, तर चिंचिलाच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि प्राणी दगावू शकतो.

रबर एक्स-रेत दिसलं नाही, ते बऱ्याचदा दिसत नाहीच. वायू दिसला, पण वाट पूर्ण बंद असल्याची खूण नव्हती. सलाईन आणि वेदनाशामक दिलं. दुसऱ्या दिवसापासून आतडं चालवणारं औषध आणि सिरिंजनं खाणं. तिसऱ्या दिवशी एका लेंडीतून काळा कण बाहेर आलेला मुलीला दिसला.

सगळ्यांचं असं होत नाही. दुसऱ्या एका घरी फ्लीसचे धागे गिळलेला चिंचिला ‘खेळतोय तर’ म्हणून चार दिवस घरीच राहिला. शस्त्रक्रिया झाली, पण तो वाचला नाही. तिथेही धाकट्या मुलानं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

आठवड्यानं मी चिंचूच्या आई-वडिलांशी बोलले. वडील म्हणाले, "तिला जबाबदारी कळावी म्हणून बोललो होतो हो." मी म्हटलं, ते खरं आहे, पण तिनं ऐकलं ते वेगळं. परत देण्याचं वाक्य तिच्यासमोर मागे घ्या. आणि यापुढे असं काही झालं की पहिल्या तासात फक्त दोनच प्रश्न: कधी गिळलं, किती गिळलं. कुणामुळे झालं, ते तो नीट खायला लागल्यावर बोला. वडील गप्प राहिले. मग म्हणाले, "आज रात्रीच बोलतो."

जूनमध्ये भर दुपारी फोन आला. मुलगीच होती.

"काकू, चिंचूनं पुठ्ठा खाल्ला. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी. टिश्यूच्या रोलमधला, साधा, टेप नाही, रंग नाही. उरलेला माझ्या हातात आहे. आणि तो गवत खातोय."

"छान. बाबांना सांगितलंस?"

"ते कागद आणायला गेलेत. ट्रेमध्ये घालायला."