थरांच्या व्हिडिओत नेटचा वेग खाली-वर झाला तर कोणता थर कधी सोडायचा?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या प्रकल्पात एसव्हीसीचा (म्हणजे एकच व्हिडिओ तळाचा थर आणि त्यावर दर्जा वाढवणारे थर अशा भागांत पाठवायची पद्धत) तीन थरांचा लाइव्ह व्हिडिओ दाखवताय, पण मोबाइल डेटावर चित्र सारखं स्वच्छ-धूसर होतं आणि मधेच अडकतं. मी कोल्हापुरात कुस्त्यांचं आणि फुटबॉल सामन्यांचं लाइव्ह करतो. याच त्रासात माझा एक अख्खा हंगाम गेलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा प्लेअर बहुतेक शेवटच्या सेगमेंटचा, म्हणजे व्हिडिओच्या छोट्या तुकड्याचा, उतरण्याचा वेग बघून थर ठरवतोय. मोबाइलवर त्या आकड्याचा भरवसा नसतो. खासबागेत मोठी कुस्ती लागून हलगी कडाडली की सगळं मैदान एकदम फोन काढतं. टॉवर तेच, माणसं हजारो. ऐन डावाच्या वेळी नेट मान टाकतं.

म्हणून वेगापेक्षा बफर बघा, म्हणजे पुढचा किती व्हिडिओ आधीच उतरून तयार आहे ते. समजा सेगमेंट २ सेकंदांचे आहेत, बफर ८ सेकंदांचा आणि तळाचा थर ४०० केबीपीएसचा. आधी फक्त तळाच्या थराने ते ८ सेकंद भरून घ्या. तो भरला की मगच दुसरा थर मागवा. तळाचा साठा ४ सेकंदांच्या खाली गेला तर वरच्या थराची चालू असलेली मागणीसुद्धा रद्द करा. हे राहून गेलं की व्हिडिओ अडकतो, कारण वरचा थर तळाच्याच वाटणीचा वेग खात बसतो. उतरताना लगेच उतरा, चढताना मात्र थांबा: दुसरा थर १० सेकंद टिकला तरच तिसरा. वेगाचा अंदाज लागणारच, तर शेवटच्या ५ सेगमेंटची हरात्मक सरासरी (कमी आकड्यांना जास्त वजन देणारी) घ्या आणि तिच्या ८०% च धरा. एखादा सेगमेंट सुसाट आला तरी ही सरासरी फसत नाही.

थरांचा खरा फायदा इथेच आहे. दर दर्जाची वेगळी प्रत ठेवायच्या साध्या पद्धतीत आलेल्या सेगमेंटचा दर्जा वाढवायचा तर तो अख्खा पुन्हा उतरवावा लागतो. इथे तळाचा तसाच वापरात राहतो, वर फक्त भर पडते.

आता कोणता थर सोडायचा? वरचे थर रिझोल्यूशन वाढवणारे असतात तसे फ्रेम वाढवणारेही. ते चित्रात काय आहे त्यावर ठरवा. कुस्तीत सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम केल्या तर ढाक (कुस्तीतला एक डाव) कधी लागली ते कळतच नाही. तिथे मी रिझोल्यूशन कमी करतो, फ्रेमला हात लावत नाही. फळ्यावरचा तास असेल तर उलट करा: फ्रेम गेल्या तरी चालतील, अक्षर वाचता आलं पाहिजे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. एच.२६४ या व्हिडिओ आकसायच्या पद्धतीत एसव्हीसी २००७ साली आलं, पण त्याचे रिझोल्यूशनचे वरचे थर फोनमधल्या हार्डवेअर डिकोडरना सहसा कळत नाहीत; तळाचा थर मात्र साधा एच.२६४ असल्यामुळे सगळीकडे चालतो. शिवाय तेवढ्याच दर्जाला साध्या एच.२६४ पेक्षा साधारण १०% किंवा त्याहून जास्त बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) लागतो. त्यामुळे प्रेक्षकांसाठी मी आजही वेगवेगळ्या बिटरेटच्या स्वतंत्र प्रती ठेवतो आणि थर फक्त समालोचकांच्या व्हिडिओ कॉलला वापरतो. तिथे व्हीपी९ या दुसऱ्या व्हिडिओ पद्धतीमुळे मधला सर्व्हर पुन्हा एन्कोड न करता वरचा थर गाळू शकतो.

दर सेकंदाला तळाच्या थराचा बफर किती उरला ते लॉगमध्ये लिहा आणि त्याचा आलेख इथे टाका. कुठे घसरतंय ते त्यावरून सांगता येईल.