गेम चालतो, व्हिडिओ लावला की स्क्रीन काळी

प्रश्न: आमच्या पीसीत २०१७ साली घेतलेलं ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, विंडोज १०. मुलगा रात्री दोन-दोन तास गेम खेळतो, कधी काही होत नाही. पण मी दुपारी युट्युबवर शिवणकामाचे व्हिडिओ लावते तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी होते, आवाज चालूच असतो, दोन-तीन सेकंदांनी स्क्रीन परत येते पण व्हिडिओच्या जागी नुसता हिरवा चौकोन. दुकानवाले म्हणतात कार्ड गेलं, नवीन घ्या. खरंच गेलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, नवीन कार्डाचे पैसे एवढ्यात देऊ नका. सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती म्हणजे गेम नीट चालतात. कार्डाचा खरा घाम गेममध्ये निघतो, ते पूर्ण गेलं असतं तर मुलाने आधी तक्रार केली असती. व्हिडिओचं काम कार्डातला वेगळाच भाग करतो, त्याला डिकोडर म्हणतात. नेटवरून येणारा व्हिडिओ दाबून छोटा केलेला असतो, तो उलगडून त्याची चित्रं करायची एवढंच त्याचं काम, आणि गेम खेळताना तो जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. म्हणून एक चालतं आणि एक पडतं.

काळी स्क्रीन होऊन परत येते ते विंडोज करतंय. कार्डाने २ सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर (कार्ड आणि विंडोजचा मेळ घालणारं सॉफ्टवेअर) स्वतःच बंद करून परत चालू करतं, याला टीडीआर म्हणतात, व्हिस्टापासून आहे हे. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम बघा, त्या वेळेला ‘डिस्प्ले’ नावाने ४१०१ नंबरची नोंद असेल तर हेच झालंय असं धरून चाला. नेटवर काहीजण सांगतात की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत) जाऊन ते २ सेकंद वाढवा, तसं करू नका, अडकणारं कार्ड अडकतंच, फक्त तुम्हाला जास्त वेळ बघत बसावं लागतं.

आता पाच मिनिटांचं काम. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सिस्टीमखाली हार्डवेअर अॅक्सिलरेशन (कुठे ग्राफिक्स अॅक्सिलरेशन लिहिलेलं असतं) बंद करा, ब्राउझर बंद करून परत उघडा आणि तोच व्हिडिओ तासभर चालू द्या. आता ते काम प्रोसेसर करेल, त्याचा पंखा जोरात वाजेल, वाजू दे. स्क्रीन काळी झाली नाही तर दोष एकतर ड्रायव्हरमध्ये नाहीतर डिकोडरमध्ये.

अजून एक खूण. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा, तिथे कोडेकसमोर (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत) एव्ही०१, व्हीपी०९ किंवा एव्हीसी१ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. २०१७ च्या कार्डाला एव्ही०१ उलगडता येत नाही, ती सोय कार्डांमध्ये २०२० पासून आली, त्यामुळे असे व्हिडिओ तुमच्याकडे आधीपासूनच प्रोसेसर चालवतोय. अॅक्सिलरेशन चालू असताना एव्ही०१ वाले नीट चालले आणि बाकीचेच पडले तर संशय डिकोडरच्या बाजूलाच जातो.

मग ड्रायव्हर. वरून नवीन टाकून चालत नाही, जुन्याचे तुकडे मागे राहतात. डीडीयू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं तो प्रकार) जाऊन, नेट बंद ठेवून (नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं) त्याने सगळं साफ करा आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर त्याच्या आधीचा टाका. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारी बऱ्याचदा इथेच मिटतात.

पण तुमच्या पत्रातलं दुपार आणि रात्र मला सोडवत नाहीये. सांगलीची दुपार म्हणजे खोलीच तापलेली, आणि काही कार्डांचे पंखे कमी कामाला फिरतच नाहीत, ठराविक तापमानाच्या वर गेल्यावर सुरू होतात. गेममध्ये पंखा लगेच फिरतो, व्हिडिओला कार्ड गुपचूप तापत राहतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड), तिथे तापमान दिसतं. नुसत्या व्हिडिओला ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर काहीतरी बिघडलंय, पंखा अडकलाय, धूळ बसलीय किंवा चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळलीय. पीसी बंद करा, वायर काढा, स्लॉटच्या टोकाची खटकी दाबून कार्ड सरळ वर उचला. खालच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, काळपट निघेल, रबराचा भुगा ब्रशने झटका. ब्लोअर मारताना पंख्याला बोट लावून धरा, वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. परत बसवताना खटकीचा आवाज आला पाहिजे.

एवढं सगळं करूनही अॅक्सिलरेशन चालू केलं की पडतंच असेल तर डिकोडर गेला असं धरा, आणि तरीही कार्ड टाकू नका. अॅक्सिलरेशन कायमचं बंद ठेवा, १०८०पी चे व्हिडिओ बऱ्यापैकी प्रोसेसर आरामात चालवतो, मुलाचे गेमही चालू राहतील. पीसी चालू करताच, विंडोज यायच्या आधीच ठिपके किंवा रेघा दिसायला लागल्या तर मात्र कार्ड खरंच जातंय, त्या वेळी कोणी हीट गन मारून दुरुस्त करून देतो म्हणाला तर हो म्हणू नका, ते थोडे दिवस चालतं आणि परत बंद पडतं.