दाह, शोथ आणि फुगलेलं शून्य

प्रश्न असा आला आहे : उंदरांच्या श्वासनलिकांवरच्या प्रयोगांबद्दल मराठीत लिहिताना ‘इन्फ्लमेशन’ला दाह म्हणावं की शोथ? आणि सायटोकाइनांना, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांना, ‘दाहक संप्रेरकं’ (हार्मोन) म्हटलं तर चालेल का?

दुसरं आधी निकालात काढू. नाही चालणार. संप्रेरक ठरावीक ग्रंथीतून रक्तात उतरतं आणि लांबवर काम करतं. सायटोकाइन नाना प्रकारच्या पेशी सोडतात, आणि ते बहुधा शेजारच्याच पेशीला चिथावतं. सरसकट ‘दाहक’ही नको, इंटरल्यूकिन-१० त्याच कुळातलं, पण ते आग विझवतं.

आता दाह. धातू दह्, जळणे. इन्फ्लमेशनच्या पोटातही लॅटिन ज्वालाच आहे, म्हणून जोडी जमली असं वाटतं आणि वाचक ‘जळजळ’ समजून मोकळा होतो. आयुर्वेदात दाह म्हणजे आग होणं, रुग्णाने सांगायची गोष्ट. उंदीर ती सांगत नाही.

शोथ मात्र डोळ्यांना दिसतो. धातू श्वि, फुगणे. त्यातूनच ‘श्वयथु’ (सूज), वेपथु (कंप) या शब्दासारखा घडलेला. (त्याला श्वासाचा नातेवाईक ठरवणाऱ्यांनी श्वस् हा धातू निराळा आहे एवढं पाहावं.) त्यातूनच ‘शून’, सुजलेला, आणि शूनपासून शून्य! फुगलेलं ते आतून पोकळ, म्हणून रिकामं. श्वासनलिकेत गंमत उलटी होते : भिंत फुगते, आतली पोकळी आक्रसते, म्हणजे शोथ पोकळीला शून्याकडे नेतो. एवढा चपखल शब्द हाताशी असताना ‘शोथ’ लिहून कंसात ‘दाहयुक्त सूज’ घालणारे कोशकार दोन्ही डगरींवर हात ठेवतात.

‘उंदराला दमा झाला’ हेही थांबवा. उंदराला दमा आपणहून होत नाही, शोथ घडवावा लागतो. रूढ पद्धतीत बॅल्ब-सी जातीच्या उंदराला ०व्या आणि १४व्या दिवशी ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन) ॲल्युमिनियमच्या क्षारासोबत पोटात टोचतात. साधारण २१व्या दिवसापासून त्याच प्रथिनाचा फवारा काही दिवस हुंगवतात. शेवटच्या फवाऱ्यानंतर २४ ते ४८ तासांनी फुप्फुस धुऊन त्या पाण्यातल्या पेशी मोजतात. निरोगी उंदराच्या धुवणात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळपास नसतात. इथे बहुसंख्य तेच निघू शकतात. ओव्हाल्ब्युमिनमध्ये जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) भरपूर मिसळलेलं असलं तर प्रतिसाद दुसरीकडेच वळतो आणि इओसिनोफिलांऐवजी न्यूट्रोफिल (जिवाणूंवर धावणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरतात. मग दोष सायटोकाइनाला देऊ नये, बाटली तपासावी.

शब्द नेमका हवा तो इथे. शोथ ही एक गोष्ट, मेथाकोलीन (श्वासनळी आवळणारं, चाचणीतलं औषध) दिल्यावर नळी प्रमाणाबाहेर आवळणं ही दुसरी. इंटरल्यूकिन-५ इओसिनोफिल वाढवतं. इंटरल्यूकिन-१३ नुसतं श्वासमार्गात सोडलं तरी चिकटा वाढतो आणि नळी आवळायला टेकते, हे १९९८ साली उंदरांत दिसलं. इंटरल्यूकिन-५ अडवलं की नळीचं आवळणं थांबेलच असं नाही; उंदराची जात बदलली की उत्तरही बदलतं. दोन्हींना ‘दाह’ म्हणून टाकलं तर हा फरक लिहायचा कुठे?

तेव्हा ‘ॲलर्जीजन्य श्वासनलिकाशोथ’ लिहा. आणि इंटरल्यूकिनला परकं समजू नका : ‘इंटर’ म्हणजे आपलं अंतर्, आणि ‘ल्यूक’ हा ग्रीक पांढरा, ज्याचं मूळ ‘चकाकणे’. त्याच मुळाच्या संस्कृत फांदीवर रुची आहे, रोचक आहे आणि लोकही.