डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क वाचत नाही. लेन्सजवळचा बारीक स्क्रू फिरवून बघू का?

नका फिरवू. तो स्क्रू नाही, प्रीसेट आहे, म्हणजे फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर. लेझर डायोडला, म्हणजे डिस्क वाचणारा प्रकाश देणाऱ्या भागाला, किती करंट मिळणार ते त्यावर ठरतं आणि कारखान्यात ते मोजून लावलेलं असतं. ‘थोडा फिरवला की चालू होतो’ म्हणणाऱ्यांशी मी कायम वाद घालत आलोय. होतो चालू, खरंय. करंट वाढला की थकलेला डायोड काही काळ तग धरतो आणि मग कायमचा जातो. आणि मूळ दुखणं लेन्सवरच्या धुळीचं असलं, तर चांगला डायोड विनाकारण जाळला.

आधी बघा, सीडी वाचतो का? डीव्हीडी ड्राइव्हमध्ये दोन लेझर असतात: सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. एक प्रकार चालतो आणि दुसरा अजिबात नाही, तर बहुतेक त्या प्रकारचा डायोड संपलाय, ड्राइव्हच बदला. दोन्ही चालत नसतील तर लेन्स साफ करण्यात अर्थ आहे. चाचणीला कंपनीत छापलेली डिस्क घ्या. रीरायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, नको, तिच्यावरून प्रकाश फारच कमी परततो. थकलेला लेझर तिथे आधी हरतो.

साफ करताना वीज बंद, केबल काढलेली. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे ओढला की लेन्स समोरच दिसते. डेस्कटॉपचा ड्राइव्ह खोलावा लागतो. इअरबड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून निथळू द्या, नुसता ओलसर हवा. लेन्सवरून अलगद गोल फिरवा. दाबू नका, ती केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते. तारा वाकल्या की फोकस गेला. अ‍ॅसिटोन अजिबात नको, लेन्स प्लॅस्टिकची असते. पूर्ण वाळू द्या. तरीही फरक नाही? मग धूळ लेन्सच्या खाली, आरशावर बसलेली असू शकते. तिथे बड पोचत नाही, हवेचा हातपंप बाजूने हलकेच मारायचा.

डिस्कवरच्या फाइलींची यादी दिसते पण मोठी फाइल मध्येच अडकते, हे दुखणं वेगळं. डिस्कवरचा डेटा आतून बाहेर लिहिलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या भागात अडखळत असेल तर लेझरचा गाडा ज्या दांड्यांवर सरकतो त्या बघा. तिथलं ग्रीस सुकून चिकट झालेलं असतं. पुसून काढा आणि प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस अगदी टिपूसभर लावा.

विंडोज परत टाकायचा सल्ला सोडून द्या. ड्राइव्ह दिसतोय आणि डिस्क आत गेल्यावर फिरून थांबतोय, तर बिघाड बहुतेक विंडोजमध्ये नाही.

हो, डिस्कच खराब नाही ना? सीडीची छापील बाजू जास्त नाजूक, कारण चंदेरी थर तिथे नुसत्या लाखेखाली असतो. उजेडासमोर धरून भोकं दिसली तर तेवढा डेटा गेला. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मधे सुरक्षित असतो.

आणि ड्राइव्ह बाहेरून जोडायचा असेल तर हब काढून थेट कॉम्प्युटरला लावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतो, आणि डिस्क फिरायला सुरुवात होताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतो. दोन पोर्टची केबल मिळाली असेल तर दोन्ही टोकं लावा.