आधी गरज ओळख, मग अर्ज भर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची यादीही वाचली. रेसिडेन्सी (म्हणजे एखाद्या संस्थेत काही काळ राहून काम करण्याची संधी), स्पर्धा, अनुदानं, शिष्यवृत्त्या, सगळं एकाच कागदावर, शेवटच्या तारखेच्या क्रमाने. मेहनत घेतली आहेस. पण ती यादी तारखेप्रमाणे लावण्याऐवजी तुला काय कमी पडतंय त्याप्रमाणे लाव, असं मी आग्रहाने सांगेन. सिरॅमिकमध्ये काम करणाऱ्या कलाकाराला बहुतेक वेळा भट्टीची, मोकळ्या वेळेची, जाणकार सोबतीची नाहीतर गिऱ्हाइकाची चणचण असते. या सगळ्या गोष्टी एकत्र देणारी संधी जवळपास नसतेच. तुझी अडचण भट्टीची आहे आणि तू वर्षभर स्पर्धांचे अर्ज भरत बसलीस, तर वर्षाच्या शेवटी एखादं प्रमाणपत्र हाती येईल, पण काम तिथेच अडलेलं असेल.

तुझ्या पत्रात एक वाक्य मला खटकलं. "पोटासाठी चहाचे मग आणि बशा करते, त्यामुळे खरं काम मागे पडतं," असं तू लिहिलं आहेस. सिरॅमिक कलाकार लूसी री यांचं उदाहरण बघ. 1938 मध्ये त्या व्हिएन्ना सोडून लंडनला आल्या. युद्धाच्या काळात त्यांनी कपड्यांसाठी सिरॅमिकची बटणं करून पोट भरलं. कापडाच्या रंगाला जुळेल असं ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, प्रत्येक वेळी बसवावं लागे, आणि त्या बटणांवर रंगाचा आणि ग्लेझचा जो हात बसला तो पुढे त्यांच्या भांड्यांत उतरला. 1946 मध्ये हान्स कोपर त्यांच्याकडे आले तेही याच बटणांच्या कामात मदतनीस म्हणून. पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या सिरॅमिक कलाकारांत दोघांची नावं घेतली गेली. तेव्हा पोटापाण्याचं काम असं निवड, की त्यातून तुझ्या पुढच्या कामाला लागणारं काहीतरी शिकून होईल. तुला मोठ्या आकाराची भांडी करायची आहेत ना? तर मगांऐवजी मोठ्या ताटांची ऑर्डर घे.

ताटांवरून आठवलं. रेस्टॉरंटसाठी भांडी करणं हा आज अनेक स्टुडिओंचा कणा आहे, आणि त्यात हिशेब फार काटेकोर लागतो. तुझी माती ओल्यापासून शेवटच्या भट्टीपर्यंत 12 टक्के आक्रसत असेल, तर 27 सेंटिमीटरचं ताट हवं असताना चाकावर ते जवळपास 30.7 सेंटिमीटरचं ओढावं लागतं. ताटं एकावर एक नीट बसली पाहिजेत, काठ इतका पातळ नको की धुताना टवके उडतील, बूड घासून गुळगुळीत हवं, नाहीतर टेबलावर ओरखडे पडतात. ग्लेझमधून शिसं किंवा कॅडमियम अन्नात उतरत नाही याची प्रयोगशाळेत तपासणी करून घे आणि तो कागद जपून ठेव. पहिली ऑर्डर घेतानाच फुटलेल्या ताटांच्या जागी पुढे नवी कोणत्या दराने देणार ते लिहून घे. खरं उत्पन्न तिथूनच येतं, कारण ताटं फुटतातच.

आता रेसिडेन्सीबद्दल. तुझ्या यादीत त्या सगळ्या एकाच रांगेत आहेत, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नेदरलँड्समधलं युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटर घे. 1969 पासून चालत आलेली संस्था, आता ओइस्टरवाइकला आहे. तिथे शिल्पकार, आर्किटेक्ट, डिझायनर असे मातीला कधी हात न लावलेले लोकही येतात, आणि त्यांना सल्ला द्यायला तज्ज्ञ असतात. मोठ्या भट्ट्या आहेत, साचेकाम आहे. मात्र तिथे राहण्या-कामाचा खर्च सहभागी कलाकाराने उभा करायचा असतो. याउलट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉन मायकेल कोहलर आर्ट्स सेंटर 1974 पासून कलाकारांना कोहलर कंपनीच्या कारखान्यात काम करायला बोलावतं. बेसिन आणि कमोड जिथे ओतले जातात तिथेच तुला टेबल मिळतं. राहण्याची सोय, प्रवासखर्च आणि मानधन ते देतात. पण तिथली माती ओतकामाची, म्हणजे साच्यात ओतायच्या पातळ स्लिपची. चाकावरच्या कामासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. साचे करून एकच आकार पुन्हा पुन्हा वापरणारं काम तुझ्या डोक्यात असेल, तर याच्याइतकी दुसरी चांगली जागा मला माहीत नाही.

अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यातल्या हेलेना गावाजवळचं आर्ची ब्रे फाउंडेशन 1951 मध्ये एका वीटभट्टीच्या आवारात उभं राहिलं. पीटर वोल्कोस आणि रूडी ऑटिओ हे तिथले सुरुवातीचे कलाकार, आणि तेही वीटभट्टीत काम करत करत आपलं काम करायचे. तिथे दीर्घ मुदतीचा मुक्काम मिळू शकतो, फेलोशिपही असतात. ही जागा मुख्यतः वेळ आणि सोबत देते. जपानमधल्या शिगाराकी सिरॅमिक कल्चरल पार्कमध्ये दोन वाटा आहेत. स्वतःचा खर्च करून येणारे कलाकार वेगळे आणि संस्थेने आमंत्रण दिलेले कलाकार वेगळे. लाकडावरची भट्टी लावायला शिकायची असेल तर तिथे जायला हवं. डेन्मार्कचं गुल्डागरगार्ड आणि हंगेरीतल्या केच्केमेटचा आंतरराष्ट्रीय सिरॅमिक स्टुडिओ, यांच्याकडेही अर्ज करण्याआधी कोणता खर्च कोणाकडे आहे ते नीट वाच.

"खर्च स्वतःचा" असं वाचून तू त्या जागांवर काट मारली आहेस, हे मला तुझ्या यादीवरून दिसलं. ती काट पुसून टाक. या क्षेत्रात पैसा पुष्कळदा दोन टप्प्यांत येतो. आधी संस्था तुझी निवड करते, मग ते निवडपत्र घेऊन तू दुसऱ्या निधीकडे जातेस. प्रवासासाठी मदत करणारे सांस्कृतिक निधी, दोन देशांमधल्या कलाविनिमयाच्या योजना, खाजगी ट्रस्ट, यांना नुसत्या इच्छेपेक्षा पक्क्या तारखा असलेलं निमंत्रण दाखवलं की त्यांचा निर्णय सोपा होतो. म्हणून निवडपत्र आल्यापासून प्रत्यक्ष जाण्यापर्यंत निदान आठ-दहा महिने मिळतील अशी तारीख माग. बऱ्याच संस्था पुढची तारीख देतात, फक्त विचारावं लागतं.

अर्जाबरोबरच्या बजेटवर तू सगळ्यात जास्त वेळ घालव. माती, ग्लेझची रसायनं आणि वाहतूक एवढंच लिहून लोक थांबतात. तुझ्या बजेटमध्ये चाचणीच्या भट्ट्या वेगळ्या दाखव. दहा वस्तू प्रदर्शनात मांडायच्या असतील तर चौदा-पंधरा करणार असं स्पष्ट लिही, आणि त्या जास्तीच्या वस्तूंची माती आणि भाजणीचा खर्च धर. पॅकिंग म्हणजे दुहेरी खोकी, मधल्या जागेत भरण, मोठ्या कामाला लाकडी पेटी. फोटोग्राफरचे पैसे लिही. आणि स्वतःच्या कामाचा मोबदला लिही, संकोच करू नकोस. मी अर्ज वाचायला बसते तेव्हा मोबदल्याची ओळ नसलेलं बजेट मला त्यागाचं वाटत नाही, अर्धवट वाटतं, कारण त्या काळात ही बाई खाणार काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

वेळापत्रकही तसंच. दोन सेंटिमीटर जाडीचं शिल्प वाळायला आठवडे लागतात. बिस्कच्या, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीच्या भट्टीत 573 अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते, तिथे तापमान चढवताना-उतरवताना घाई केली की मोठ्या कामाला चीर जाते. निवड समितीत सिरॅमिकचा माणूस असेल तर तो हे जाणतो, पण पुष्कळदा समितीत चित्रकार, क्युरेटर, प्रशासक असतात. त्यांना साध्या भाषेत सांग की एप्रिलमध्ये घडवलेली वस्तू जूनमध्ये का भाजली जाईल. "मातीशी संवाद", "पंचमहाभूतं", "मुळांचा शोध" असलं काही लिहू नकोस. या शब्दांत काय करणार आहेस ते कळत नाही. तुझ्या पत्रात राखेच्या ग्लेझवर जाडीमुळे पडणाऱ्या ओघळांबद्दल तू लिहिलं आहेस, तो परिच्छेद जसाच्या तसा अर्जात घाल. उभ्या भिंतीवर ओघळ कुठे थांबवता येतो हे तुला शोधायचं आहे, त्यासाठी मोठी गॅसची भट्टी हवी, ती तुझ्याकडे नाही. एवढं सांगितलंस की मागणी समजते.

मंजूर झाल्यावर दोन गोष्टी आधीच तपास. मंजुरीच्या तारखेपूर्वी केलेला खर्च बहुतेक निधी मान्य करत नाहीत, आणि शेवटचा हप्ता अनेकदा अहवाल दिल्यानंतर येतो. मधले महिने काढायला काही रक्कम जवळ हवी.

स्पर्धांविषयी थोडक्यात. इटलीतलं फाएंझा, जपानमधलं मिनो (1986 पासून, दर तीन वर्षांनी), कोरियातलं ग्योंगी, ही सिरॅमिकची मोठी व्यासपीठं आहेत. लोवे क्राफ्ट प्राइझ सगळ्या हस्तकलांसाठी आहे, 50,000 युरोचं आहे आणि त्यात 2018, 2023, 2024 आणि 2025 या वर्षी सिरॅमिकच्या कलाकारांनी बाजी मारली. तिथे प्रवेशशुल्क नाही. पण लहानमोठ्या अनेक स्पर्धा शुल्कावरच चालतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी जाण्या-येण्याची वाहतूक कोण करणार, विमा कोणाचा, विजेती वस्तू संस्थेच्या संग्रहात जाणार का, हे कलम शोधून वाच. काही ठिकाणी बक्षिसाची रक्कम हीच त्या वस्तूची किंमत असते. वर्षातून दोन स्पर्धा पुरेत, त्याही मागच्या वेळची निवडलेली कामं बघून.

कुठेही अर्ज केलास तरी समोर जातात ते फोटो. भांड्याचा एक फोटो बाजूने, एक थोडा वरून आतला भाग दिसेल असा, आणि एक उलटं करून बुडाचा. बुडावर ग्लेझ कुठे थांबवलं आहे, कड कशी कापली आहे, यावरून जाणकाराला तुझा हात कळतो. उजेड एका बाजूने आणि मऊ असावा, नाहीतर ग्लेझवर खिडकीचा पांढरा चौकोन उमटतो आणि रंग कळत नाही. मागे साधा करडा कागद लाव. वाळकी पानं, काथ्या, लाकडाची फळी यातलं काही नको.

नोकऱ्यांचं तू विचारलं नाहीस, पण मी सांगणार आहे. एखाद्या कलाशाळेत किंवा सार्वजनिक स्टुडिओत तंत्रसहायकाची जागा मिळाली तर घे. भट्ट्या भरायच्या, माती पुन्हा मळायला तयार करायची, दुसऱ्यांची कामं भाजायची. वर्षभरात जितक्या भट्ट्या तुझ्या हातून लागतील तितक्या स्वतःच्या स्टुडिओत लागणार नाहीत, आणि भट्टीच्या कोपऱ्यातली जागा बऱ्याचदा आपल्या कामाला वापरता येते. कारखान्यांत साचेकाम आणि ग्लेझ विकसित करणाऱ्यांना मागणी असते. संग्रहालयातलं जतनकाम तुला आवडेल असं वाटतं, पण त्यासाठी रसायनशास्त्राचं रीतसर शिक्षण लागतं.

इमारतींसाठीची कामं हा अजून एक मोठा मार्ग. अनेक देशांत सार्वजनिक इमारतीच्या खर्चातला छोटा हिस्सा कलाकृतीसाठी राखून ठेवतात. फ्रान्समध्ये 1951 पासून एक टक्क्याचा नियम आहे. टाइल, भित्तिशिल्पं यांना तिथे जागा असते, कारण सिरॅमिक ऊन-पावसात टिकतं. मात्र बर्फ पडणाऱ्या ठिकाणी पाणी शोषणारी माती थंडीत फुटते, म्हणून पाणी किती शोषलं जातं याची चाचणी आधी कर. भिंतीवर बसवण्याचा खर्च आणि इंजिनिअरची फी कोटेशनमध्ये वेगळी लिही. हे काम एकटीने घेऊ नकोस, आधी कोणाच्या तरी हाताखाली एक पूर्ण होताना बघ.

आणि धूळ. कोरड्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते आणि ते नुकसान भरून येत नाही. स्टुडिओ झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. ग्लेझ कालवताना चांगला मास्क लाव. धूळ ओढणाऱ्या यंत्रणेचा खर्च उपकरणांच्या अनुदानात बिनदिक्कत माग, आणि रेसिडेन्सीला जाण्याआधी तिथे ती आहे का ते विचार.

आता यादी पुन्हा कर. माझ्या मते तुला या वर्षी भट्टी हवी आहे, बाकी काही नाही. तेव्हा गॅसची मोठी भट्टी असलेल्या दोन रेसिडेन्सी निवड, त्यांचे अर्ज कर आणि ताटांची ऑर्डर चालू ठेव. बजेटचा पहिला खर्डा झाला की मला पाठव. मी लाल पेन घेऊन बसते, आणि मोबदल्याची ओळ नसेल तर परत पाठवते.

आशीर्वादांसह,
तुझी बाई