ट्रेनर सुट्टीवर गेला की व्यायाम का थांबतो?

"ट्रेनर असला तर सगळे व्यवस्थित होते, तो नसला की माझ्याकडून काहीच होत नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?" हा प्रश्न अलीकडे माझ्या समुपदेशन कक्षात वारंवार येऊ लागला आहे. विचारणाऱ्यांत जुळे सोलापूर भागातील नोकरदार तरुण असतात, निवृत्त अधिकारी असतात आणि चाळिशी ओलांडलेल्या गृहिणी तर हमखास असतात. पूर्वी सोलापुरात पेठेपेठेत तालमी होत्या, पण तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि वयस्कर माणसे नव्याने जोर-बैठका शिकायला जात नसत. जिममुळे ती दारे उघडली, हे मी चांगलेच मानते. त्याबरोबर 'पीटी', म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे पॅकेजही आले आणि पैसे भरून सोबत मिळण्याची सोय झाली. या सोबतीचा आधार कोणत्या क्षणी कुबडी बनतो, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

एका शिक्षिकेची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतला संवाद थोडक्यात मांडला आहे.

त्या आठवीच्या वर्गाला गणित शिकवतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ६.२ आल्यावर डॉक्टरांनी त्यांना व्यायाम करायला सांगितला होता. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा मानला जातो, त्यामुळे सूचना योग्य होती आणि बाईंनी ती मनावरही घेतली होती. यापूर्वी दोनदा त्यांनी जिमचे वर्षभराचे पैसे भरले होते आणि दोन्ही वेळा महिन्याभरात जाणे सोडले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी पीटी घेतली आणि पाच महिने त्या अगदी नियमित गेल्या. मग ट्रेनर लग्नासाठी गावी गेला, तीन आठवडे आला नाही आणि तेवढ्यात सगळे थांबले. तो परतल्यानंतरही त्या गेल्या नाहीत. "एवढे दिवस का आला नाहीत म्हणून विचारतील, काय सांगू?" हे त्यांचे कारण होते.

पहिल्याच भेटीत त्यांनी स्वतःला आळशी ठरवून टाकले. पाच महिने पहाटे उठून डबा, शाळा आणि जिम सांभाळणारी व्यक्ती आळशी असू शकत नाही, हे उघड होते. म्हणून इच्छाशक्तीची चर्चा बाजूला ठेवून मी त्यांना विचारले, "जिममध्ये शिरल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय करता?"

"सर कुठे आहेत ते बघते."

"आणि ते दिसले नाहीत तर?"

"ट्रेडमिलवर चढते. तिथं नुसतं चालायचं असतं ओ मॅडम, चुकायला काही नसतं. दहा मिनिटं झाली की घरी."

'चुकायला काही नसतं' हे शब्द मी वहीत लिहून घेतले.

त्यानंतरच्या भेटीत जेवणाचा विषय निघाला. त्यांच्या ट्रेनरने ओट्स, उकडलेल्या भाज्या आणि सॅलड असा आहार लिहून दिला होता आणि प्रत्येक जेवणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला होता. बाई काकडी-टोमॅटोची ताटली सजवून तिचा फोटो पाठवत आणि नंतर कडक भाकरी व शेंगाचटणी खात. मी आहारतज्ज्ञ नाही. तरीही एवढे ठाऊक आहे की मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात आणि शेंगदाण्यात सुमारे पंचवीस. प्रमाण सांभाळले तर या जेवणात लपवण्यासारखे काही नव्हते. माझे लक्ष भाकरीपेक्षा त्या फोटोकडे होते. स्वतःच पैसे देऊन नेमलेल्या, वयाने आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या माणसाची शाबासकी जाईल, ही धास्ती त्यांना खोटे फोटो काढायला लावत होती.

अशा वेळी नवरा, मैत्रिणी आणि काही समुपदेशकही एकच वाक्य ऐकवतात: "अगं, कोणी बघत नसतं, सगळे आपापल्या नादात असतात." त्यात तथ्य आहे. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतील निम्म्या लोकांनी आपल्या शर्टावरचे चित्र ओळखले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते जेमतेम एक चतुर्थांश लोकांना ओळखता आले. हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्या गणिताच्या शिक्षिकेला शोभेल असे उत्तर देत्या झाल्या: "म्हणजे चारातला एक तरी बघतोच की!"

त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि मी ज्या विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते तिचे वेगळेपण नेमके येथेच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. कोणी बघत नाही अशी समजूत ती घालत नाही. बघितले तर काय होईल, हा प्रश्न शेवटपर्यंत धसास लावते. म्हणून मी म्हटले, "ठीक आहे, एकाने बघितले असे धरू. मग?"

"हसेल."

"हसला, मग?"

"म्हणेल, एवढ्या वयाची बाई, साधं काही येत नाही."

"आणि तसे म्हटले तर?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेच सहन होत नाही मॅडम. मला काही 'येत नाही' असं आजवर कुणी म्हटलेलंच नाही."

वजन वाढलेल्या बाईला जिममध्ये शरीराची लाज वाटते, हे सोपे उत्तर आहे आणि तेथेच थांबता आले असते. पण बाईंच्या बोलण्यात पोट, दंड किंवा कपडे क्वचितच येत होते. त्यांना आपले शरीर दिसण्याचे भय नव्हते. आपले न येणे दिसण्याचे होते. हा फरक सापडणे, हे मी समुपदेशकाच्या कौशल्याचे खरे काम समजते, कारण शरीराची लाज धरून बसलो असतो तर आम्ही कित्येक महिने चुकीच्या दारावर थापा मारत राहिलो असतो. चाळिशीपर्यंत माणूस आपल्या कामात इतका तरबेज होतो की नवशिकेपणाची सवयच मोडते. वीस वर्षे वर्गासमोर आत्मविश्वासाने उभी राहणारी व्यक्ती स्क्वॉट करताना गुडघे आत वळवते, डंबेल उलटे धरते, आणि हे सारे आरशांनी भरलेल्या खोलीत घडते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते की अंगवळणी पडलेले काम इतरांच्या उपस्थितीत अधिक चांगले होते, तर नवे काम बिघडते. वर्गातली सहजता जिममध्ये का हरवते, याचा खुलासा त्यात आहे. तो इच्छाशक्तीचा अभाव मुळीच नाही.

पुढच्या भेटीत मी त्यांच्या वर्गाबद्दलच विचारले. "तुम्ही शेजारी उभ्या असाल तरच उदाहरण सोडवणारे एखादे मूल आहे का?"

"दरवर्षी एक तरी असतंय."

"त्याला आळशी म्हणता?"

"छे, आळशी कशाला? घाबरतंय ते."

"मग काय करता?"

त्या क्षणात शिक्षिका झाल्या. खुर्चीत ताठ बसून त्यांनी मला रीतसर समजावले: "पहिलं उदाहरण मी त्याच्या बाकापाशी उभी राहून करून घेते. दुसऱ्याला बाकाच्या टोकाशी सरकते. तिसऱ्याला फळ्यापाशी जाते आणि मुद्दाम पाठ करते. आणि एक करते, त्याचा खोडरबर काढून घेते. चुकलं तर चुकलेलं वहीत राहू दे, खाली परत सोडव म्हणते. खोडरबर हातात असला की ही मुलं नुसती खोडत बसतात."

एवढे बोलून त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून हसू लागल्या. "अय्यो, म्हणजे सर माझे खोडरबर आहेत की!"

मी काहीही जोडले नाही. समुपदेशकाने दिलेला विचार माणूस पायऱ्या उतरेपर्यंत विसरतो. स्वतःच्या तोंडून निघालेला विचार त्याच्याबरोबर घरी जातो. वीस वर्षे इतरांच्या मुलांसाठी वापरलेली रीत बाईंनी स्वतःला कधी लागू केली नव्हती. ती मी त्यांच्याकडूनच काढून घेतली, याचे मला समाधान आहे.

पुढचे काम व्यवहाराचे होते. बाईंनी ट्रेनरला सांगितले की पुढचे काही आठवडे त्याने पहिला सेट जवळ उभे राहून पाहावा आणि नंतरच्या सेटच्या वेळी दुसरीकडे जावे. तो नाराज झाला. "मॅडम, मग पीटी कशाला घेतली?" असे त्याने विचारले, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर तो प्रश्न रास्तच होता, कारण त्याची कमाई पीटीवरच चालते. पण आपल्याकडून शिकलेली व्यक्ती स्वतः व्यायाम करते, हेही त्याच्या कामाचे यशच आहे, हे बाईंनी त्याला ठणकावून सांगितले. बोलणे त्यांना जमतेच. त्याने मान्य केले आणि व्यायामाचा क्रम, वजने, सेट हे सारे एका कागदावर लिहूनही दिले.

दुसरा गृहपाठ माझा होता. ट्रेनर नसलेल्या एका दिवशी जिममधल्या अनोळखी बाईला "हे मशीन कसं वापरायचं, मला येत नाही" असे मोठ्याने विचारायचे. बाईंचा चेहरा पडला तेव्हा मी एलिस यांची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांना स्त्रियांशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधील उद्यानात बाकावर बसलेल्या शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला आणि पार पाडला. एकीनेच भेटण्याचे कबूल केले, तीही आली नाही. भीती मात्र गेली. बाई म्हणाल्या, "माझा गृहपाठ त्यामानाने सोपा आहे."

त्यांनी विचारले. ज्यांना विचारले त्यांनाही ते मशीन येत नव्हते.

असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या इतरांना मी काय सांगते, तेही लिहिते. ट्रेनर नेमण्यात कमीपणा नाही. सुरुवातीच्या महिन्यांत कसरतीची ढब नीट बसावी, वजन टप्प्याटप्प्याने वाढावे, जुनी गुडघेदुखी किंवा पाठदुखी सांभाळली जावी, यासाठी जाणकार माणूस हवाच. त्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागायलाही संकोच करू नये. मात्र ज्या दिवशी ट्रेनर नेमाल त्याच दिवशी तो कशासाठी आहे ते ठरवावे, आणि 'अमुक महिन्यांनी हे पाच व्यायाम मला एकट्याने करता यावेत' असे त्याला स्पष्ट सांगावे. चांगल्या ट्रेनरला हे आवडते. ज्याला आवडत नाही, प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, चारचौघांत तुमच्या वजनावरून विनोद करतो किंवा पावडरी आणि इंजेक्शने सुचवतो, त्याला सोडण्यात आपण कमी पडलो असे समजू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीला आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम हवा. यात ट्रेनरचा उल्लेख नाही, जिमचाही नाही. सिद्धेश्वर तलावाभोवती सकाळी झपझप चालणेही त्या दीडशे मिनिटांत धरता येते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा पंख्याखाली घरी केलेल्या बैठकाही बळकटीच्या व्यायामात मोजल्या जातात. एखादा दिवस चुकला तर 'आता सगळे संपले' असे म्हणण्याऐवजी 'एक दिवस चुकला' एवढेच म्हणावे. बाईंचे तीन आठवडे ट्रेनरमुळे बुडाले होते. त्यापुढचे आठवडे या पहिल्या वाक्यामुळे बुडाले.

याच्या अगदी उलट तक्रारही येते, पण ती पालक आणतात. मुलाचे दंड भरलेले असतात, तरी तो स्वतःला किडकिडीत समजतो, लग्नाकार्याला येत नाही, एक दिवस व्यायाम चुकला तर घरात आदळआपट करतो. हा नवशिकेपणाचा संकोच नव्हे. स्वतःच्या शरीराची प्रतिमाच विकृत दिसण्याच्या विकाराचा हा एक प्रकार आहे आणि २०१३ पासून मानसविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याची तशी नोंद आहे. अशा मुलाला व्याख्यान न देता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

शिक्षिका आता आठवड्यातून चार दिवस जातात. ट्रेनरला त्या महिन्यातून दोनदाच वेळ मागतात, तोही नवीन कसरत शिकण्यापुरता. जेवणाचे फोटो त्यांनी बंद केले आहेत. आहारतज्ज्ञांनी भाकरी मोजून चालू ठेवली आहे. संध्याकाळच्या बॅचला मात्र त्या अजूनही जात नाहीत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "तेव्हा स्वयंपाक असतो, आणि गर्दी पण लई असते. मला सकाळचंच बरं." यात पसंती किती आणि टाळाटाळ किती, हे त्यांनीच ठरवावे, असे सांगून मी तो विषय सोडून दिला.